तरसांपुढचा बाक

३ नोव्हेंबर, सोमवार

तीस-एक वर्षं रोज नोंदी लिहितोय, पण त्या जनावरांच्या. किती खाल्लं, कुठे झोपलं, अंगावर जखम आहे का, शी घट्ट की पातळ. स्वतःबद्दल लिहायची वेळ कधी आली नाही. आज मॅडमनी ही कोरी वही हातात दिली आणि म्हणाल्या, "काका, डोक्यात येईल ते टिपत चला." मॅडम म्हणजे आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या नव्या प्रमुख, वयाने माझ्या लेकीएवढ्या. काम काय, तर जोडप्यांसाठी एक मजेची संध्याकाळ आखायची. शनिवार, एकोणतीस तारीख, चार ते सात. दहा जोडपी येणार, हातात हात घालून प्राणी बघणार.

मी म्हटलं, मॅडम, मी तरसं आणि अस्वलं सांभाळणारा माणूस, मला यातलं काय कळतंय. तर म्हणाल्या, "या आवारात सगळ्यात जास्त जोड्या कोणी जमवल्या? तुम्हीच ना?" हे खोटं नाही. कोल्हे जमवले, अस्वलं जमवली, साळिंदरं दोनदा. माझ्या हातून जमलेली जोडी आजवर मोडलेली नाही. छाती जरा फुगली आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं.

घरी सांगितलं. ही मशीनवर काहीतरी शिवत होती, मान वर न करता "बरं" म्हणाली. लेक मात्र पोट धरून हसली. लेक आठ दिवसांपासून इथेच आहे. बॅग घेऊन एकटी आली, कारण विचारलं तर म्हणते, सहज. सहज कोणी आठ दिवस राहतं का? नक्की काहीतरी बिनसलंय. जावई माणूस चांगला आहे, स्वतःचा टेम्पो चालवतो, बोलतो मात्र मोजकं. पण मोजकं बोलणाऱ्यांच्या घरातच आतल्या आत धुमसत असतं. एकुलती एक लेक, तिचा संसार मोडला तर मला ते सोसायचं नाही. दिवसभर डोक्यात तेच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज काकू आपला बिछाना हलवायला लागली. काकू म्हणजे आमची तरसाची मादी. मॅडम मला काका म्हणतात आणि ही काकू, त्यावरून पक्षीविभाग सांभाळणारी बाई रोज एक तरी टोमणा मारते. मारू दे. दोन महिन्यांपूर्वी बाहेरून एक नर आणलाय, त्याचं नाव आम्ही पाहुणा ठेवलंय. दोघांच्या खोल्यांमध्ये लोखंडी जाळी आहे. आधी नुसता वास घेऊ द्यायचा. मग याचं गवत तिकडे आणि तिचं इकडे टाकायचं. मग जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, म्हणजे दुसऱ्याचं तोंड दिसलं की पोट भरतं, ही सवय लागते. घाई करायची नाही. जाळी कधी उघडायची ते जनावरं सांगतात.

तर सकाळी बघतो, काकू तोंडात गवत धरून लांबच्या खोलीत नेतेय. एक घास नेला, परत आली, दुसरा नेला. नव्या माणसाला वाटलं असतं खेळतेय. मला बघताक्षणी कळलं की ही जागा सोडणार. अशा वेळी ओरडायचं नाही, गवत परत ओढून आणायचं नाही. ती बसते तिथे आपण जाऊन बसायचं आणि तिला काय खुपतंय ते शोधायचं. तिला बाहेरच्या आवारात सोडलं आणि तिच्या खोलीत तासभर मांडी घालून बसलो. छताचा एक पत्रा सैल झाला होता, वारा आला की टकटक करत होता. माणसाच्या कानाला ते काहीच नाही, पण दिवसभर डोक्यावर तेच ऐकत पडायचं म्हणजे कोणीही विटेल. रबराची पट्टी ठोकून टाकली. दुपारपर्यंत अर्धं गवत परत आलं होतं.

तिथे बसल्या बसल्या कार्यक्रमाचे नियम सुचले. जोडप्यांना समोरासमोर बसवायचं नाही, शेजारी बसवायचं आणि दोघांना तिसरीकडे बघायला लावायचं. आधी खायला द्यायचं, मग फिरवायचं, उपाशीपोटी कोणाचंच जमत नाही. आणि त्यांच्याकडे टक लावून कोणी उभं राहायचं नाही. मॅडम आधी हसल्या आणि मग सगळं लिहून घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मे महिनाअखेर मी निवृत्त होतोय. नंतर जनावरांचं कसं व्हायचं, म्हणून गेल्या महिन्यात मीच अर्ज दिला होता की निवृत्तीनंतरही रोज सकाळी सात ते चार येत जाईन. परवा मंजुरीचं पत्र घरी आलं. हिने उघडलं, वाचलं आणि टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवून दिलं. आधी सांगायला हवं होतं, म्हणून मनात जरा धाकधूक होती. पण ही एका शब्दाने बोलली नाही. म्हणजे हरकत नसावी. सुटलो म्हणायचं. मी घरी बसून काय करणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आज जावई टेम्पो घेऊन आला. हिचं शिलाई मशीन दुरुस्तीला न्यायचं होतं. परवापर्यंत चांगलं चालत होतं, पण यंत्राचं काय सांगावं. मीच एका बाजूने धरून खाली उतरवलं. मशीन चढवल्यावर लेक आणि जावई फाटकाशी दहा मिनिटं बोलत उभे होते. मी खिडकीतून नीट बघितलं. अंतर एक हात. लेकीने दोनदा त्याच्या बाहीवरचा कचरा झटकला, आणि मला तर कचरा दिसला नाही. फार चांगलं लक्षण आहे. हिला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला बाहीवरचा कचरासुद्धा दिसतो, नाही?" कौतुकाने म्हणाली की कसं ते कळलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमशी वाद झाला. त्यांना सुरुवात राजहंसांच्या तळ्यापासून हवी. मी म्हटलं, राजहंस दिसायला गरीब, पण गेल्या वर्षी लग्नाचे फोटो काढायला आलेल्या नवऱ्या मुलाला त्याने फाटकापर्यंत पिटाळलं होतं. सुरुवात तरसांपासून करा. इतकं रूप नसलेलं जनावर बघितलं की माणसाला शेजारचं माणूस बरं दिसायला लागतं. मॅडमना पटलं.

खेळही मीच सुचवला. आम्ही जनावरांसाठी जो निरीक्षणाचा तक्ता भरतो, तोच जोडप्यांना द्यायचा. नवऱ्याने बायकोचा भरायचा आणि बायकोने नवऱ्याचा. प्रश्न चारच. आवडतं खाणं कोणतं. बसण्याची लाडकी जागा कुठली. खूश असलं की काय आवाज काढतं. या आठवड्यात काय बदललं. मग दोघांनी बाकावर बसून एकमेकांचे तक्ते वाचायचे. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही भलतेच रसिक निघालात."

चहाच्या वेळी मी त्यांना बाकाची गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांनाच सांगतो. लग्नाला वर्ष झालं होतं, मी हिला पहिल्यांदा इथे आणलं. आता तरसं आहेत तिथे तेव्हा हरणं होती. समोरच्या बाकावर हिला बसवलं, हिच्या मांडीवर दोघांचा डबा, आणि म्हटलं दोन मिनिटांत आलो. तेवढ्यात आत एक हरणी अडली. परत आलो तो साडेतीन तासांनी, बाक रिकामा. ही जी घरी गेली ती एकतीस वर्षांत पुन्हा या फाटकातून आत आली नाही. मॅडम खूप हसल्या. पक्षीवाली हसली नाही. म्हणाली, "आणि वहिनी साडेतीन तास काय करत होत्या?" मी म्हटलं, बसली असेल. ती "हं" म्हणाली आणि कप धुवायला गेली. पक्षीवालीला विनोद कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आनंदाची बातमी. लेक परत जायच्या तयारीला लागली आहे. स्वतःच्या तोंडाने ताकास तूर लागू देत नाही, पण मला दिसतंय ना. गेल्या रविवारी मशीन गेलं, मंगळवारी जावई येऊन लोखंडी ट्रंक घेऊन गेला, आज रेडिओ आणि खिडकीतल्या दोन कुंड्या. आईच्या वस्तू नेऊन घर सजवतेय. मोडणाऱ्या घरात कोणी कुंड्या नेत नाही. छातीवरचा निम्मा दगड उतरला.

उरलेला निम्मा उतरवायचा बेतही केलाय. गुरुवारी कार्यक्रमाची रंगीत तालीम आहे, त्यासाठी एक जोडपं लागणार. लेकीला आणि जावयाला बोलवतो. तरसांपुढच्या बाकावर बसतील, तक्ते भरतील, मनातलं बाहेर येईल. हिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कशाला? त्यांचं बरं चाललंय." आई झाली की माणूस पांघरूण घालायला शिकतं. मी म्हटलं, तुझं लक्ष नसतं, म्हणून तुला दिसत नाही. यावर ही माझ्याकडे बघत राहिली आणि मग भांडी आवरायला उठली.

काकूचं सगळं गवत मूळ जागी आलंय. दोघं जाळीला पाठ टेकवून झोपतात. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी चार वाजता उघडू. एकाच दिवशी दोन जोड्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पक्षीवालीने घात केला. तक्ते छापून आले, तर म्हणाली, "दादा, आधी स्वतः एक भरून बघा. लोकांना किती वेळ लागतो ते कळायला नको?" म्हटलं, पाच मिनिटांचं काम. दुपारच्या सुट्टीत पेन घेऊन बसलो.

आवडतं खाणं. ही माझ्या आवडीचं करते. तिच्या आवडीचं काय? पुढे गेलो. बसण्याची लाडकी जागा. हे सोपं होतं, खिडकीजवळ, मशीनपाशी. मशीन दुरुस्तीला. मग आता कुठे बसते? नऊ दिवस झाले, मशीन नसताना ही कुठे बसते ते मी बघितलेलं नाही. खूश असली की काय आवाज काढते. मशीन चालवताना काहीतरी गुणगुणायची. कधीपासून ऐकलं नाही ते आठवेना. या आठवड्यात काय बदललं. लिहीत गेलो: मशीन, ट्रंक, रेडिओ, कुंड्या. चौथा शब्द लिहिला आणि पेन तिथेच थांबलं. मशीन तिचं. ट्रंक तिच्या माहेरची. रेडिओ तिचा. कुंड्या तिच्या. लेकीचं त्यात काही नव्हतं. एक घास नेला, परत आली, दुसरा नेला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदा. ही आणि लेक बाहेर गेल्या होत्या. मी हिच्या खुर्चीत जाऊन बसलो. समोर मशीनची जागा रिकामी, फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग. खिडकीतून रस्त्याचं वळण दिसतं, मी कामावरून येतो ते. पडद्यामागे भिंतीवर एक कॅलेंडर होतं, या जागेवर बसल्याशिवाय ते दिसत नाही. त्यावर शिवणकामाच्या निळ्या खडूने प्रत्येक तारखेच्या चौकोनात आकडा. रोज एकेक कमी होत आलेला. ऑक्टोबरचं पान बघितलं, सप्टेंबरचं, ऑगस्टचं, सगळीकडे आकडे. सात नोव्हेंबरला २०५. आठ तारखेपासून सगळे चौकोन कोरे.

२०५ कशाचे ते आधी कळेना. मग बोटांवर मोजलं. माझ्या निवृत्तीला सात तारखेपासून दोनशे पाच दिवस उरले होते. सात तारखेला दुपारी ते मंजुरीचं पत्र आलं.  

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, खरं सांग, तुझं आणि जावयाचं काही बिनसलंय का? ती म्हणाली, "आमचं? आमचं काय बिनसणार बाबा? आई माझ्याकडे राहायला येतेय. तिला न्यायलाच आलेय मी. मी आले तेव्हाच म्हणत होती की तुमच्या निवृत्तीसाठी थांबलेय, त्यानंतरही तुम्ही घरी नसलात तर निघेन. पत्र आलं त्या दिवशी ठरलं."

"मग इतके दिवस इथे का?"

"तीच थांबली होती. तुम्ही विचाराल म्हणून. घरातून ट्रंक गेली बाबा. मशीन तर तुम्ही स्वतः उचलून दिलंत."

लेकीच्या बाबतीत जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी भांडंच हातातून सुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा माणूस मी. तीस वर्षं मुक्या जनावरांच्या मनातलं ओळखतो म्हणून मिरवतो. स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

दिवसभर स्वतःला बजावत होतो की ओरडायचं नाही, ओढून आणायचं नाही. संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती, मी शेजारी उभा राहिलो. म्हटलं, "मी निवृत्तीनंतरचा अर्ज आज मागे घेतला. तू थांबावंस म्हणून नाही सांगत. घ्यायलाच हवा होता."

तिने घडी रचून ठेवली आणि पुढचा शर्ट घेतला. मी म्हटलं, "उद्या चार वाजता मी त्या बाकावर बसतो. बंद व्हायच्या घंटेपर्यंत. तू ये किंवा येऊ नकोस. मी बसणार आहे."

"उद्या चारला तुमच्या काकूची जाळी उघडायची आहे ना?" तिला माझं सगळं वेळापत्रक पाठ असतं.

"ती दुसरं कोणी उघडेल."

तिने हातातल्या शर्टाची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमना सांगितलं की तालमीला जोडपं नाही. वायरलेस पक्षीवालीच्या हातात दिला. म्हटलं, जाळी तू उघड. ती म्हणाली, "दादा, बरं वाटत नाहीये का?" मग बाकाकडे बघितलं, माझ्या हातातल्या तक्त्याकडे बघितलं आणि काही न विचारता गेली. तिला विनोद कळत नाही असं लिहिलं होतं, ते मागे घेतो.

चारला बाकावर बसलो. समोरचं आवार रिकामं, खोल्या मागच्या बाजूला, बाकावरून काही दिसत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी कडी सरकल्याचा आवाज आला. मग शांत. मग एकदम गुरगुर, काहीतरी लोखंडावर आपटलं, आणि डॉक्टर माझ्या समोरून पळत गेले. हाक मारेपर्यंत दिसेनासे झाले. मी निम्मा उठलो होतो. हात बाकाला धरून खाली बसलो. दोन महिन्यांचं काम आत चाललं होतं आणि मला ऐकूसुद्धा येत नव्हतं. वाटलं, काकूने त्याला फाडलं. मग वाटलं, त्याने काकूला. मग वाटलं, पक्षीवाली आत अडकली असेल, आणि तिला तिथे मी धाडलं.  घड्याळात बघितलं तर साडेचारच झाले होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी ही आली. वळणावर दिसली तेव्हा मला आधी खरं वाटलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मध्ये पिशवी ठेवली. दोघंही रिकाम्या आवाराकडे बघत होतो. मी तक्ता पुढे केला. तिने चष्मा लावला आणि मास्तरीण उत्तरपत्रिका तपासते तसा वाचला. त्यात पहिल्या प्रश्नापुढे माहीत नाही लिहिलं होतं. दुसऱ्यापुढे, खिडकीजवळ, आता रिकामी. तिसऱ्यापुढे, गुणगुणायची, शेवटचं कधी ते आठवत नाही. चौथ्यापुढे, सगळं बदललं, मला दिसलं नाही.

"अक्षर सुधारलंय," ती म्हणाली. मग, "डॉक्टर कुठे पळत होते? मला फाटकाशी भेटले. तासभर तिथेच उभी होते, आत येववत नव्हतं."

"माहीत नाही."

"गेला नाहीत बघायला?"

"नाही."

"काय वाटलं इथे बसून?"

मी खरं ते सांगितलं. कोणीतरी मेलं असं वाटलं आणि कोण ते कळेना, म्हटलं. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "मला साडेतीन तास तसंच वाटत होतं."

तेव्हा तिने सांगितलं. मी आत गेलो आणि पाच मिनिटांत शिट्ट्या वाजल्या. चार माणसं दोर आणि जाळं घेऊन तिच्या समोरून पळाली. एकजण दुसऱ्याला म्हणाला, लवकर, नाहीतर जाईल. तो हरणीबद्दल बोलत होता, पण हिला कसं कळणार? तिने रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, बाई, आत जाऊ नका. "मी डबा मांडीवर घेऊन बसले. तुम्ही गेलात असंच धरून बसले होते. उठले तर कोणीतरी येऊन सांगेल, नाही उठले तर नाही सांगणार, असं काहीतरी डोक्यात बसलं. घंटा झाली, तेव्हा त्याने मला बाहेर काढलं. कशी घरी पोचले ते आठवत नाही. आणि सात वाजता तुम्ही दारात उभे. बाह्यांना रक्त, आणि हसताय. म्हणे पाडस झालं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"विचारलं नाहीत. एकतीस वर्षं लोकांना ती गोष्ट हसत हसत सांगताय, मी शेजारी चहा ओततेय, आणि एकदाही विचारलं नाहीत."

मला रडू आलं. उगाच लपवत नाही, चांगलं हमसून आलं. समोरून कोणी जात नव्हतं एवढंच बरं. तिने पिशवीतून डबा काढला. "खा आधी. उपाशीपोटी कोणाचंच जमत नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना वहीत?" म्हणजे ही वही तिने वाचलीय. वाचू दे. ही ओळही वाचेल.

डब्यात ब्रेड आणि उकडलेली अंडी होती. तिने नेहमीसारखं पिवळं काढून माझ्या बाजूला ठेवलं आणि स्वतः पांढरं घेतलं. मी हात अडवला आणि पिवळं तिच्यापुढे केलं. म्हटलं, आज तू खा. तिने खाल्लं, डोळे मिटून. म्हणाली, "मलाही पिवळंच आवडतं." बत्तीस वर्षांचा संसार आहे आमचा. तक्त्यावरचं माहीत नाही खोडून मी तिथे ते लिहिलं.

तेवढ्यात पक्षीवाली आली. कपडे धुळीने भरलेले, पण अंगावर ओरखडाही नाही. "दादा, वहिनी, चला बघायला. अंधार पडायच्या आत." आधी थोडी गुरगुर, एक धडक, मग काकूने पाहुण्याच्या मानेचा वास घेतला आणि जाऊन आपल्या गवतावर पडली. पाच मिनिटांनी तोही त्याच गवतावर. मी विचारलं, डॉक्टर का पळाले? म्हणाली, "कॅमेरा गाडीत विसरले होते."

हुश्श झालं. ही मला म्हणाली, "चला, दाखवा तुमची काकू." जाळीपुढे आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "अगदीच काही वाईट दिसत नाही." घरी येताना मी विचारलं, मशीनचं काय? ती म्हणाली, "अजून मी काही ठरवलेलं नाही. मशीन तिकडे बरं चालतंय." पण हे सांगताना ती माझ्या बरोबरीने चालत होती, एरवी दोन पावलं मागे असते. नाही, हेही चुकलं. एरवी मीच दोन पावलं पुढे असतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कार्यक्रम पार पडला. दहा जोडपी आली. राजहंसाने एकाच्या पिशवीतला खाऊ पळवला, बाकी कोणाला इजा नाही. एका आजोबांनी आजींचा तक्ता दोन्ही बाजूंनी भरून आणखी कागद मागितला. एक तरुण जोडपं तक्त्यावरून इतकं भांडलं की मॅडम घाबरल्या. मी म्हटलं, थांबा, गुरगुर ऐकू येतेय म्हणजे ठीक आहे, गवत हललं की सांगा. जाताना ती दोघं एकाच पेल्यातून सरबत पीत होती.

ही आली होती, तक्ते वाटायला. शेवटी मॅडमनी बाकाची गोष्ट सांगायचा आग्रह केला. मी म्हटलं, ती माझी नाही, हिची आहे. हिने सांगितली, शिट्ट्यांपासून रक्ताच्या बाह्यांपर्यंत.  मग ही म्हणाली, "आता हसलात तरी चालेल. काल मी पण हसले थोडी."

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी जावई टेम्पो घेऊन आला. मशीन, ट्रंक, रेडिओ आणि एक कुंडी. दुसरी लेकीने ठेवून घेतली, म्हणाली मजुरी म्हणून. मशीन आम्ही फरशीवरच्या चार डागांवर बरोब्बर बसवलं. मी आणखी एक खुर्ची आणून खिडकीजवळ ठेवली. हिने ती वीतभर सरकवली, म्हणाली, "हात चालवायला जागा लागते मला." मे महिन्यानंतर मी रोज घरीच, असं मी सांगितलं, तर हिने हात जोडले. म्हणाली, "रोज घरी बसून माझं डोकं खाऊ नका. बुधवारी जात जा काकूकडे."

दुपारी लेक आणि जावई गेले. दोघांचं उत्तम चाललंय. ती टेम्पोत चढताना त्याने हात दिला आणि मी अंतर मोजायला गेलो नाही.

मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने गुणगुणणंही. मी नव्या खुर्चीत बसलो, पडदा बाजूला केला. कॅलेंडरवर आजच्या चौकोनात निळ्या खडूने १८२ लिहिलेलं. मी विचारलं, आठपासून कालपर्यंतचे बावीस दिवस कोरेच का ठेवलेस?

तिने पाय थांबवला, मशीनच्या खणातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. "ते तुम्ही भरा."

बसलोय भरत. २०४ पासून सुरुवात केली.